पंख्यासारखी घडी

खानापूर, बुधवार

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझा व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर एवढा लांब आहे की त्याला पत्रच म्हणतो. दोनदा वाचला. बेलारूसमधल्या ग्रोदनोला एमबीबीएस करणारी तुझी मैत्रीण तिकडच्या राजकीय कैद्यांचं जे सांगते, ते ऐकून तुझं रक्त उसळलं हे बरंच झालं. या वयात उसळायचं नाही तर कधी? पण मेणबत्त्यांचा मोर्चा, क्यूआर कोड लावून वर्गणी आणि मैत्रिणीकडून व्हिडिओ मागवायचे, हे तिन्ही बेत वाचून मी चष्मा काढून ठेवला.

आधी व्हिडिओचं, कारण ते आजच्या आज थांबवायला हवं. बेलारूसमध्ये 'नेक्स्टा'सारखी सरकारविरोधी बातम्या देणारी टेलिग्राम चॅनेलं 'अतिरेकी' ठरवलेली आहेत. तसलं चॅनेल फोनमध्ये सापडलं, एवढ्यावर माणसं आत गेलीत. तू टिळकवाडीत बसून म्हणणार, 'पाठव की एखादा', आणि पोलीस फोन तपासणार तो तिचा. जेवलीस का, थंडी किती आहे, एवढंच विचार. बाकीचं ती सुटीत घरी आली की.

तू विचारलंयस, तिथल्या ९ ऑगस्ट २०२० च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत घोटाळा झाला हे जगानं मानलं कशावरून? १९९४ पासून खुर्चीवर असलेल्या लुकाशेन्कोंना ८० टक्के मतं आणि स्वेतलाना तिखानोव्स्काया यांना १० टक्के, असं सरकारनं जाहीर केलं. ही बाई राजकारणातली नव्हेच. नवऱ्याला तुरुंगात घातलं, म्हणून उभी राहिली. मोजणीत काय होणार हे लोकांना आधीच ठाऊक होतं. म्हणून तिला मत देणारे मनगटाला पांढरी पट्टी बांधून गेले, मतपत्रिकेचे फोटो काढले आणि 'गोलस' नावाच्या व्यासपीठाकडे लाखोंनी पाठवले. आणि कागदाची घडी कशी घातली माहितीये? पंख्यासारखी. शाळेत वहीचं पान फाडून आपण वारा घ्यायचो ना, तशी. जिथं पेटी पारदर्शक, तिथं पंखे किती पडलेत ते बाहेरूनच दिसायचं. रात्री केंद्राच्या दारावर निकालाचा कागद लावतात, तो या फोटोंशी ताडून पाहिला. काही केंद्रांत तिच्या मतांचे नुसते फोटोच तिला जाहीर झालेल्या मतांपेक्षा जास्त निघाले! वाचताना मला हसू आलं, आणि मग नाही आलं.

हे काम बाहेरच्यांनी केलेलं नाही, ते त्याच लोकांचं. परदेशी निरीक्षकांना आमंत्रणच इतकं उशिरा गेलं की ओएससीई या युरोपातल्या सुरक्षा आणि सहकार्य संघटनेची माणसं आलीच नाहीत. १९ ऑगस्टला युरोपीय संघाच्या नेत्यांनी निकाल मानत नसल्याचं सांगितलं, पुढं निर्बंध आले, विरोधकांना युरोपीय संसदेचा साखारोव्ह पुरस्कार आला. पण या घडीच्या कागदांवाचून त्यांच्या हातात तरी काय होतं?

आकडा बिघडला की काय होतं, ते मला विचार. सीमालढ्यातल्या एका सभेवर लाठीमार झाला तेव्हा मी नवखा वार्ताहर होतो. मुंबईच्या एका पेपरला तार केली : 'शेकडो जखमी'. आठवड्यानं तिकडून दोघे आले. भली माणसं, मदतच करायला आलेली. म्हणाले, यादी द्या. दवाखान्याच्या वहीत नावं निघाली सतरा. त्या सतरांत एकाचा उजवा हात कायमचा अधू झाला होता, पण त्या दोघांनी मग त्याच्याकडंही संशयानंच बघितलं. पुढं कित्येक वर्षं तो मला बाजारात भेटायचा, डावा हात कपाळाला लावायचा. मी शेजारच्या दुकानाची पाटी वाचत उभा राहायचो.

बाहेरून मदत म्हणजे काय, हे आपल्या दाराशीच घडलंय. १९५५ ते १९६१ वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आधी आंबोलीच्या आणि नंतर कॅसलरॉकच्या रानातून गोव्यासाठी गुप्त रेडिओ चालवला, पोर्तुगीज आणि कोकणीतून. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याचं सरकार जी बातमी दाबायचं, ती गोव्यातल्या माणसाला इकडच्या जंगलातून कळायची. लोंढ्याहून गाडीनं जाताना तो घाट बघ एकदा.

वर्गणीचा विचार सोड. का, ते ऐक. अलेस बियालियात्स्की यांची 'व्यास्ना' ही संस्था १९९६ पासून राजकीय कैद्यांना मदत करते. देशात संस्थेच्या नावानं खातं उघडता येईना, म्हणून पैसा लिथुआनिया आणि पोलंडमधल्या खात्यांत. बेलारूसनं कायदेशीर सहकार्याच्या नावाखाली माहिती मागितली आणि तिथल्या अधिकाऱ्यांनी नेहमीचा कागद समजून ती देऊन टाकली! दोन्ही देश याच माणसाच्या बाजूचे. २०११ मध्ये करचुकवेगिरीचा ठपका ठेवून त्यांना साडेचार वर्षांची शिक्षा झाली. मित्रांनी नंतर माफी मागितली म्हणे.

२०२२ चं शांततेचं नोबेल इतरांबरोबर त्यांनाही मिळालं तेव्हा ते पुन्हा तुरुंगातच होते. सुटले डिसेंबर २०२५ मध्ये, एकूण १२३ जणांबरोबर. अमेरिकेनं त्याच वेळी बेलारूसच्या पोटॅशवरचे निर्बंध उठवले. हो, तेच पोटॅश, जे मी उसाला टाकतो. पन्नास किलोच्या पोत्यावर 'भारत' छापलेलं असतं, आतला माल बहुतेक परदेशचाच. खताच्या बदल्यात माणसं सुटली. मला ते आवडलं नाही, पण सुटलेल्याच्या बायकोला जाऊन हे सांगायची माझी छाती नाही.

मोर्चाऐवजी एक बैठक घे. कुणीतरी उठून म्हणेलच, 'आपलाच दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात लोंबकळतोय, तुला बेलारूसचं काय पडलंय?' चिडू नकोस, त्याचं दुखणं खरं आहे. फक्त दोन्ही प्रश्न एका गाठोड्यात बांधू नकोस. आपला वाद सीमेचा, त्यांचा मताचा. इथं उमेदवार पडला तर आम्ही चहा पिऊन घरी जातो. आणि कन्नड पोरांनाही बोलाव. बेलारूसवरून भांडायला अजून कुणाला सुचलेलं नाही, तेवढ्यात उरकून घे.

बैठकीत काम एकच ठेव : कैद्यांना पत्रं. युरोपातल्या खासदारांनी एकेक कैदी वाटून घेतला, त्याचं नाव लावून धरलं, तसं. पुष्कळ पत्रं पोचत नाहीत, पण तुरुंगवाल्याला तरी कळतं की या माणसाचं नाव कुठंतरी लिहिलेलं आहे. 'व्यास्ना'च्या यादीत नाव, शिक्षा, तुरुंग सगळं असतं. त्यात आपल्या मनाचं एक अक्षर घालायचं नाही. पत्रात राजकारणही नको. पाऊस कसा पडला, भात कसं आलं, एवढं लिहावं.

रविवारी सकाळी ये, नावं देवनागरीत उतरवून काढू. बियालियात्स्की मी तीनदा खोडलंय. येताना बेळगावातून परदेशी टपालाची तिकिटं आण. आमच्याकडं मागितली की पोस्टमास्तर आधी चष्मा शोधतो, मग दरपत्रक.

तुझा,
आप्पा