बी.कॉम.नंतर बिहेवियरल इकॉनॉमिक्समध्ये एम.ए. करायचं आहे, गणित कच्चं आहे. जमेल का?

तुमचा प्रश्न मला जसा कळला तसा आधी सांगते. बी.कॉम.चं शेवटचं वर्ष, घर पुण्यातच. माणसं पैशाच्या बाबतीत वेड्यासारखी का वागतात यावरचं एक पुस्तक हाती लागलं आणि ‘हेच शिकायचं’ असं ठरलं. घरचे म्हणतात सी.ए. कर. आणि प्रश्नाच्या शेवटी, जरा भीत भीतच, तुम्ही विचारलंय की विषय मानसशास्त्राच्या जवळचा आहे, तर गणित फार नसेल ना?

असतं. ते टाळून हा विषय होत नाही. पण तुम्ही ज्याला घाबरताय ते गणित बहुधा हे नव्हे, म्हणून एक उदाहरण सोडवूनच दाखवते.

३००० रुपये नक्की घेणार, की ४००० मिळण्याची ८० टक्के शक्यता घेणार (उरलेल्या २० टक्क्यांत काहीच नाही)? आता दुसरा प्रश्न. ३००० मिळण्याची २५ टक्के शक्यता, की ४००० मिळण्याची २० टक्के? डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९च्या त्यांच्या लेखात हेच दोन प्रश्न मांडले होते, रक्कम अर्थात इस्रायली पौंडांत. पहिल्या प्रश्नात ८० टक्के लोकांनी नक्की मिळणारे ३००० निवडले. दुसऱ्यात ६५ टक्के लोक ४०००कडे वळले.

‘बरं, मग?’ असं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. आता कागदावर मांडा. ३०००चं समाधान म्हणजे ‘अ’, ४०००चं ‘ब’, आणि काहीच न मिळण्याचं शून्य. पहिल्या निवडीचा अर्थ, ‘अ’ हा ०.८ ‘ब’पेक्षा मोठा. दुसऱ्या निवडीचा अर्थ, ०.२५ ‘अ’ हा ०.२ ‘ब’पेक्षा लहान. दोन्ही बाजूंना चारने गुणा. ‘अ’ हा ०.८ ‘ब’पेक्षा लहान निघाला! आठवीचं बीजगणित आहे, पण तेवढ्यावर अर्थशास्त्राचा एक मोठा खांब हलतो: माणूस प्रत्येक रकमेचं समाधान तिच्या शक्यतेने गुणून निवड करतो, हे गृहीतक. फ्रेंच अर्थतज्ज्ञ मोरीस अले यांनी हा घोळ १९५३ मध्येच दाखवला होता. पुस्तकात तो ‘लोक खात्रीला भुलतात’ अशा एका ओळीत उरकतो. वर्गात मात्र नेमकं कोणतं गृहीतक मोडलं, ते सोडून बाकीची टिकतात का, आणि त्याच्या जागी कोणतं सूत्र ठेवायचं, यात आठवडे जातात.

मी पुण्यातूनच अर्थशास्त्रात एम.ए. केलं. पहिल्या सत्रात बिहेवियरलचं नावही निघालं नाही. सूक्ष्म अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, मग इकॉनोमेट्रिक्स, म्हणजे आकडेवारीवर अर्थशास्त्राची सूत्रं तपासणं. तेव्हा चिडचिड झाली, पण सरळ रेष कोणती ते ठरल्याशिवाय वाकडी किती ते मोजणार कशी?

खरा विषय मला कळला तो डेझर्टेशनच्या (शेवटच्या प्रबंधाच्या) वेळी, आणि तोही तोंडावर आपटून. ते जरा सविस्तर सांगते.

कर्वेनगर-वारजे भागात घरकाम करणाऱ्या बायकांच्या भिश्यांवर मी काम करत होते. बारा जणी, दरमहा हजार, दर महिन्याला एकीची चिठ्ठी निघणार आणि ती बारा हजार उचलणार. ठरलेलं स्पष्टीकरण असं की बारा हजारांची वस्तू घ्यायला एकटीने साठवलं तर बारा महिने थांबावं लागतं, भिशीत अकरा जणींना ती आधी मिळते. शेवटच्या नंबरवालीला यात काहीच फायदा नाही, उलट मधेच कुणी भरायचं थांबलं तर तिचेच बुडणार. म्हणजे शेवटचा नंबर कुणालाच नको असायला हवा.

दुसऱ्याच दिवशी एक मावशी म्हणाल्या, “मी शेवटचा नंबर मागून घेते. आधी आले की उडतात, आणि मग वर्षभर भरत बसायचं जिवावर येतं.”

मला वाटलं, सापडलं! अर्थतज्ज्ञ डेव्हिड लेबसन यांचं १९९७चं मॉडेल नुकतंच शिकले होते. त्यात ‘आज’ला जादा वजन असतं, उद्या आणि परवा यांच्यात मात्र तेवढा फरक वाटत नाही. म्हणून स्वतःचेच हात बांधून घेणारी व्यवस्था माणसाला हवीशी वाटते. मी लगेच प्रश्नावली केली. पहिलाच प्रश्न: ‘घरात पैसे राहिले तर खर्च होऊन जातात असं तुम्हाला वाटतं का?’ सगळ्यांनी हो म्हटलं. मी खूश. आमच्या मॅडमनी त्या कागदावर पेन्सिलीने एवढंच लिहिलं: ‘नाही म्हणणारी बाई दाखव.’

मग प्रश्न बदलला. आज १०० की आठवड्याने १२०? आणि चार आठवड्यांनी १०० की पाच आठवड्यांनी १२०? पहिल्यात घाई आणि दुसऱ्यात धीर दिसला, तर ‘आज’चं वजन हाती लागलं. यावेळी खरे पैसे देणार होते. जवळजवळ सगळ्यांनी आजचे १०० उचलले. मी पुन्हा खूश, तोवर एकजण म्हणाली, “ताई, पुढच्या आठवड्यात तुम्ही येणार कशावरून?”

बरोबरच होतं तिचं. मी मोजत होते तो माझ्यावरचा अविश्वास, आणि नाव देत होते उतावळेपणाचं. दोन्ही रकमा पुढे ढकलल्या तर हा गोंधळ मिटतो, पण मग ‘आज’च निसटतो आणि मला तर तोच मोजायचा होता. शेवटी सगळे पैसे भिशी चालवणाऱ्या बाईंकडे आधीच ठेवले, कारण त्यांच्यावर सगळ्यांचा भरवसा होता. आकडे लगेच बदलले. घाई करणाऱ्या बऱ्याच जणी थांबायला तयार झाल्या.

तरी एक गोष्ट उरलीच. मराठीत पैसे ‘उडतात’. कोण उडवतं ते वाक्यात यावं लागत नाही. मावशींनी ‘उडतात’ म्हटलं तेव्हा मी ‘त्यांच्या हातून’ असं धरून चालले होते. पुढे वाचनात आलं की सिवान अँडरसन आणि जाँ-मारी बालाँ यांनी नैरोबीतल्या किबेरा वस्तीत अशाच भिश्यांचा अभ्यास केला होता, २००२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यांचं म्हणणं, बायका भिशी लावतात ती पैसे नवऱ्याच्या हाती लागू नयेत म्हणून. हे डोक्यात ठेवून मावशींकडे परत गेले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “आता कळलं होय?”

स्वतःपासून वाचवायचे की घरातल्या दुसऱ्यापासून, दोन्हीकडे कृती तीच, शेवटचा नंबर मागणं. उपाय मात्र वेगळे. पहिल्यात मुदतीआधी न काढता येणारं खातं उपयोगी पडतं. फिलिपिन्समध्ये नावा अश्रफ आणि सहकाऱ्यांनी तसं खातं देऊ केलं तेव्हा २८ टक्के ग्राहकांनी ते आपणहून घेतलं होतं, हा २००६चा लेख आहे. दुसऱ्यात आधी तिच्या एकटीच्या नावावर खातं हवं आणि पासबुक घराबाहेर. माझ्याकडे ४१ बायका होत्या. तेवढ्यावर हा निकाल लागत नव्हता, आणि तसंच लिहून दिलं.

पदव्युत्तर पातळीवर शिकता ते हे. प्रश्न असा बेतायचा की आलेल्या उत्तराचा एकच अर्थ निघावा. गणित त्यासाठी लागतं, कारण दोन स्पष्टीकरणं नेमकी कुठे वेगळी होतात ते शब्दांत दिसत नाही, समीकरणात दिसतं.

एकदा ही सवय लागली की जुनी आवडती उदाहरणंसुद्धा वेगळी दिसू लागतात. मुंबईच्या वडाळा स्थानकाजवळ २००९-१० च्या सुमारास ‘फायनल माइल’ या संस्थेने रुळांवरचे अपघात कमी करायला काही साधे उपाय केले. गाडीचा वेग डोळ्यांना कळावा म्हणून रुळांखालचे काही आडवे स्लीपर पिवळे रंगवले, गाडीखाली येणाऱ्या माणसाचा भेदरलेला चेहरा मोठ्या फलकावर लावला, लांबलचक भोंग्याऐवजी दोन तुटक भोंगे वाजवायला लावले. कल्पना फारच सुंदर. पण एका ठिकाणचं आधी आणि नंतर एवढंच पाहिलं तर त्या काळात आणखी काय बदललं ते कसं कळणार? याच्याशेजारी उदयपूरकडचा लसीकरणाचा प्रयोग ठेवून वाचा. १३४ गावं चिठ्ठ्या टाकल्यासारखी तीन गटांत वाटून दिली. काहींत नियमित शिबिरं, काहींत शिबिरं आणि दर लशीला किलोभर डाळ, उरलेल्यांत नेहमीचंच. पूर्ण लसीकरण झालेली मुलं डाळीच्या गावांत ३९ टक्के, नुसत्या शिबिरांच्या गावांत १८, बाकीत ६. किलोभर डाळीने लशीबद्दलचं मत कोणी बदलत नाही. ‘पुढच्या वेळी जाऊ’ म्हणणारी आई आज निघते, एवढंच.

आणि तुमच्या त्या पुस्तकाबद्दल. ते फेकू नका, पण त्यातला प्रत्येक प्रयोग दगडावरची रेघ मानू नका. २०१६ मध्ये अर्थशास्त्रातले १८ प्रयोग पुन्हा करून पाहिले, त्यातले ११ पुन्हा तसेच निघाले. मानसशास्त्रात हे प्रमाण आणखी कमी आलं होतं. फॉर्मच्या वर सही घेतली की लोक जास्त खरं लिहितात, हा गाजलेला निष्कर्ष २०२१ मध्ये आकडेवारी बनावट असल्याचं कळल्यावर मागे घ्यावा लागला.

आता कुठे शिकायचं. माझं मत स्पष्ट आहे: बी.कॉम.वरून थेट ‘बिहेवियरल’ असं नाव असलेली पदवी शोधू नका. नॉटिंगहॅम, वॉरिक, रॉटरडॅम इथे तसे मास्टर्स आहेत, चांगले आहेत, पण पाया कच्चा असताना कर्ज काढून तिकडे जाणं म्हणजे पोहता येण्याआधी समुद्राकाठी घर घेणं. पुण्यात साधं एम.ए. किंवा एम.एस्सी. इकॉनॉमिक्स करा आणि डेझर्टेशन या विषयात घ्या. गोखले इन्स्टिट्यूट आहे, विद्यापीठाचा विभाग आहे, सिम्बायोसिस आहे. माहितीपत्रकातल्या इलेक्टिव्हच्या यादीवर जाऊ नका. मागच्या दोन वर्षांत तो पेपर खरंच कुणी शिकवला का, ते तिथल्या मुलांना भेटून विचारा. शिकवणारी व्यक्ती गेली की विषय कागदावरच उरतो.

पुण्याचा एक फायदा मात्र लोकांच्या ध्यानात येत नाही. इथे दारोदार जाऊन माहिती गोळा करण्याची परंपरा जुनी आहे. गोखले इन्स्टिट्यूट १९३०ची, धनंजयराव गाडगीळांनी तिथून केलेली पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी. ‘बिहेवियरल’ हे नाव त्यात कुठे नाही, पण माणसाला प्रश्न कसा विचारावा हे शिकायचं तर गाडगीळांची पाहणी एकदा चाळाच.

नोकरीचं थोडक्यात. ‘नज’ करणाऱ्या, म्हणजे सक्ती न करता लोकांना हलकेच एका निवडीकडे वळवणाऱ्या, जागा नावानिशी फार कमी निघतात. संशोधन संस्थांत फील्डवर रिसर्च असोसिएट म्हणून सुरुवात होते, पगार बेताचा, फिरणं भरपूर. नाहीतर माझ्यासारखं. मी एका कंपनीत आहे, कर्जाचा हप्ता चुकण्याआधी कोणता मेसेज कधी पाठवावा याच्या चाचण्या घेते. काही दिवस वाटतं लोकांचं भलं करतेय, काही दिवस वाटतं वसुलीच करतेय, फक्त इंग्रजीत.

गणितासाठी अप्पा बळवंत चौकातून बालभारतीची अकरावी-बारावी सायन्सची गणिताची पुस्तकं आणा. डेरिव्हेटिव्ह, मॅट्रिक्स, संभाव्यता एवढं पक्कं करा, मग लाग्रांजची पद्धत (मर्यादा पाळून जास्तीत जास्त किंवा कमीत कमी किंमत काढायची). रोज तास-दीड तास दिला तर प्रवेश परीक्षेपर्यंत होतं. मी बी.ए.वाली होते, माझं झालं. सोबत ‘आर’ ही आकडेवारीची संगणक भाषा शिका, फुकट आहे.

आणि फॉर्म भरण्याआधी एक करा. तुमच्या आईची, मामीची, सोसायटीतल्या कुणाची तरी भिशी असेलच. कुणी नंबर बदलून मागितला होता का आणि का, एवढं विचारा. जे उत्तर मिळेल त्याची आणखी दोन कारणं काय असू शकतील ती वहीत लिहा, आणि तिन्हींपैकी खरं कोणतं हे कसं ओळखाल तेही लिहून बघा. यात रात्रीचे अकरा वाजले तरी कळलं नाही, तर या विषयाकडे या. कंटाळा आला, तर सी.ए. काही वाईट नाही.