आजीचं ‘येतो’ तिसऱ्या भागात ‘येते’ कसं झालं?

प्रश्न : मी कोल्हापूरला बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. आम्ही पाच मैत्रिणी २०१९च्या महापुरावर गोष्टीचा गेम करतोय. पाच भाग, प्रत्येकीने एक लिहायचा. पहिला माझा. तिसरा भाग हातात आला आणि आमचं भांडण झालं, कारण त्यातली आजी मला माझी आजी वाटतच नाही. पाचही भाग मी एकटीनेच लिहावेत का? आणि अशा लेखनात नोकरी असते का? बाबा बी.एड. कर म्हणतात.

उत्तर : तू पाठवलेले तिन्ही भाग वाचले. तुझी तक्रार खरी आहे. पहिल्या दोन भागांत शिरोळकडची ही आजी ‘मी येतो’, ‘मी काय जायाचो न्हाई’ असं बोलते. तिसऱ्यात ती एकदम ‘मी येते हं’ म्हणते. शिवाय पहिल्या भागात म्हैस सोडून नावेत बसायचं की म्हशीसाठी थांबायचं, हे तुम्ही खेळणाऱ्यावर सोडलंय. तिसऱ्या भागात मात्र आजी कोणत्याही परिस्थितीत धार काढायला बसते. ज्याने म्हैस सोडली, त्याला ती दिसेल कशी?

तरीही पाचही भाग एकटीने लिहू नकोस.

टेलटेल गेम्स या कॅलिफोर्नियातल्या कंपनीचा ‘द वॉकिंग डेड’ हा झोंबींचा, म्हणजे चालत्या मुडद्यांचा, गेम २०१२मध्ये एप्रिल ते नोव्हेंबर अशा पाच भागांत आला. पहिला, तिसरा आणि पाचवा भाग शॉन व्हॅनमन यांनी लिहिला, दुसरा मार्क डॅरिन यांनी आणि चौथा गॅरी व्हिटा यांनी. अशा कामात एक भाग लोकांच्या हातात पडतो तेव्हा पुढच्याचं ध्वनिमुद्रण चालू असतं आणि त्याच्याही पुढचा अजून कागदावर असतो. एका माणसाच्या हातून हे सगळं वेळेत उतरणं फार कठीण. आपल्याकडच्या मालिकांच्या श्रेयनामावलीत कथा, पटकथा आणि संवाद यांपुढे वेगवेगळी नावं असतात, त्यामागेही हेच वेळेचं गणित आहे.

त्या गेमचा पहिला भाग मुद्दाम खेळून बघ. शेवटाकडे डग आणि कार्ली या दोघांपैकी एकालाच वाचवता येतं. डग यंत्रांत रमणारा. कार्ली बातमीदार, बंदुकीचा नेम पक्का, पण रेडिओत बॅटरीच नाही हे तिच्या लक्षात येत नाही. आता दुसऱ्या भागाच्या लेखकाची अडचण बघ. दोन्ही माणसं त्याने निर्माण केलेली नाहीत. कोण जिवंत आहे हे खेळणाऱ्यावर अवलंबून, म्हणजे एकाच प्रसंगात दोन वेगळ्या स्वभावांची जागा ठेवायची आणि दोघांचं बोलणं वेगळं लिहायचं. तिसऱ्या भागात हे दोन रस्ते पुन्हा एक होतात : वाचलेलं माणूस कोणीही असो, त्याच गटातल्या लिलीच्या गोळीने ते मरतं. यावर काही जण चिडतात, निवडीला अर्थच उरला नाही म्हणतात. मला तसं वाटत नाही. ज्याच्याबरोबर आपण एवढे तास काढले तो माणूस आपण निवडलेला होता, आणि दुःख त्याचंच होतं. शिवाय रस्ते असे जोडले नाहीत तर काम आवाक्यात राहत नाही. दोन पर्यायांच्या पाच निवडी शेवटपर्यंत वेगळ्या ठेवल्या, तर ३२ गोष्टी लिहाव्या लागतील.

म्हणून चौथ्या भागाला हात लावण्याआधी एक वही करा. प्रत्येक निवड, ती कोणत्या भागात होते, पुढे कुठे कुठे दिसते आणि कुठे मिटते. दुसऱ्या बाजूला प्रत्येक पात्राची बोली : आजी स्वतःबद्दल ‘येतो’ म्हणते, सून ‘येते’ म्हणते, कारण सून पुण्याची. तिसरा भाग लिहिणाऱ्या मैत्रिणीला हे कुणी सांगितलंच नव्हतं. तिने तिच्या घरची आजी लिहिली. तिचा भाग तू परस्पर बदलू नकोस. पाचही जणी बसा, आजीची सगळी वाक्यं एकीने ओळीने मोठ्याने वाचावीत. कान लगेच सांगतो. मग शेवटचा हात एकीचाच फिरू दे. तो तुझा असावा असं मला वाटतं, पण हे मैत्रिणींच्या संमतीने ठरवा.

तिसऱ्या भागातला पाणी ओसरल्यावर भिंतीवर राहिलेल्या चिखलाच्या रेषेचा प्रसंग तुला सुचला नसता. तो तसाच ठेव.

आता नोकरीचं. हे काम करणाऱ्याला गेमच्या धंद्यात नॅरेटिव्ह डिझायनर म्हणतात. पुण्यात गेम बनतात. २०२०चा ‘राजी’ तिथल्याच नॉडिंग हेड्स गेम्सचा. पण फक्त लेखनाच्या जागा कमी, आणि धंदा बेभरवशाचा : टेलटेलनेच सप्टेंबर २०१८मध्ये सुमारे २५० जणांना एका फटक्यात काढलं. तेव्हा ‘द वॉकिंग डेड’च्या गेम-मालिकेचा शेवटचा मोसम अर्धवट होता. तो पुढे स्कायबाउंड या दुसऱ्या कंपनीने पूर्ण केला. त्यामुळे बाबांची काळजी चुकीची नाही. बी.एड. केलंस तरी लेखन सुटत नाही. दुसरी वाट म्हणजे पुण्याच्या एफटीआयआयचा पटकथालेखनाचा अभ्यासक्रम. त्याला प्रवेश परीक्षा असते, त्यामुळे तयारी याच वर्षी सुरू कर. मालिका आणि श्राव्य-मालिकांतही दुसऱ्याच्या गोष्टीतला एखादा भाग लिहून देणारे लागतात. तिथे तुला विचारतील ते हेच : आमची पात्रं तुझ्या हातात आमचीच राहतील का?

त्यासाठी दोन गोष्टी दाखवता येतील अशा तयार कर. एक, हा गेम, कुठला प्रसंग कोणी लिहिला याच्या स्पष्ट नोंदीसह. दुसरी, मैत्रिणीने सुरू केलेल्या एखाद्या वेगळ्या गोष्टीचा तू लिहिलेला फक्त दुसरा भाग. ट्वाइन किंवा इंक ही निवडींच्या गोष्टी लिहायची साधनं वापर. दोन्ही फुकट आहेत आणि दोन्हींत देवनागरी लिहिता येते.

बाबांना पहिला भाग खेळायला दे. त्यांनी म्हैस सोडली की नाही, ते मला कळव.