पुढे एलएलबी करायचं असेल तर पदवीला कोणता विषय घ्यावा? राज्यशास्त्रच लागतं का?

नाही. तीन वर्षांच्या एलएलबीला कोणत्याही शाखेची पदवी चालते. खुल्या वर्गाला ४५ टक्के लागतात आणि महाराष्ट्रात सीईटी द्यावी लागते. म्हणून जो विषय मनापासून वाचाल, तोच घ्या. नावडत्या विषयात रडतखडत तीन वर्षं काढू नका, टक्केवारी तिथेच घसरते.

माझं स्वतःचं बी.कॉम. झालंय. कलम १३८ च्या, म्हणजे चेक न वटल्याच्या पहिल्याच केसमध्ये समोरच्याच्या खातेउताऱ्यांचं आणि ताळेबंदांचं बाड हातात आलं, तेव्हा ते शिक्षण कामी आलं. इतिहासवाल्या मैत्रिणीला जुने फेरफार आणि खरेदीखतं वाचायचा कंटाळा येत नाही. जमिनीच्या दाव्यांत हे फार मोलाचं आहे.

एक अपवाद मात्र नीट लक्षात ठेवा. पेटंट एजंट, म्हणजे शोधांच्या पेटंटचे अर्ज लोकांच्या वतीने करणारा, व्हायचं असेल तर विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी लागतेच, नुसत्या एलएलबीवर पेटंट एजंटची परीक्षा देता येत नाही.

आणि बारावीनंतर कायद्याचं नक्कीच ठरलं असेल, तर पाच वर्षांचा कोर्स बघा, एक वर्ष वाचतं.