देवराईतल्या झाडाची उंची दर वेळी वेगळी का येते?

तुम्ही लिहिलंय की गावच्या देवराईतलं मोठं झाड ऐन की बेहडा ते ठरत नाहीये, आणि मोबाईलवर उंची मोजली तर एका बाजूने 31 मीटर येते, दुसऱ्या बाजूने 24. मोबाईल बिघडलेला नाही. तुम्ही बहुतेक दोन वेगळ्या फांद्या मोजताय.

आधी झाड. साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगाळलेली असेल तर ऐन. खात्रीसाठी खाली पडलेली फळं चाळा. ऐनाच्या फळाला पाच पंख असतात, बेहड्याचं साधारण सुपारीएवढं, वर राखाडी मखमली लव. बेहड्याची पानंही फांदीच्या टोकाला गुच्छाने येतात.

आता उंची. मुळशीकडच्या एका देवराईत बेहडा मोजताना मीही फसलोय. खोडापासून 20 मीटरवर उभा राहिलो, शेंड्याचा कोन आला 50 अंश. त्याचा टॅन (कॅल्क्युलेटरवर मिळणारं कोनाचं गुणोत्तर) 1.19, गुणिले 20 म्हणजे 23.8 मीटर, त्यात डोळ्यांपर्यंतची उंची दीड मीटर. 25.3 लिहून वही मिटली. शेजारी गुरव उभे होते. म्हणाले, "दादा, त्यो शेंडा न्हाय. ती तुमच्याकडं आलेली फांदी हाय."

गवंड्याचा ओळंबा दोन बाजूंनी धरून टोकाखालची जागा शोधली. खोडाच्या पाच मीटर अलीकडे! म्हणजे 20 ऐवजी 15 ने गुणायचं होतं. उत्तर 19.4. खरा शेंडा ओढा ओलांडून समोरच्या चढावर गेल्यावर दिसला, खोडाच्या तीन मीटर मागे. झाड भरलं 21 मीटर.

तेव्हा झाडाभोवती पूर्ण फेरी मारा, जमेल तितकं लांब जा, शक्यतो पानगळीत. चालताना जी टोकं भराभर सरकतात ती जवळची. जमीन उताराची असेल तर बुंध्याचाही कोन घ्या. अंतर मोजायचा लेझर मिळाला तर उत्तमच: टोकापर्यंतचं सरळ अंतर गुणिले त्या कोनाचा साईन (टॅनसारखंच दुसरं गुणोत्तर), अधिक डोळ्यांपर्यंतची उंची, खोडापासूनच्या अंतराचा संबंधच येत नाही. फक्त किरण मधल्या पानावर अडकत नाही ना, तेवढं बघा.

कॅलिफोर्नियातलं हायपेरियन हे रेडवूड, जगातलं सर्वांत उंच ज्ञात झाड, तेसुद्धा 2006 मध्ये वर चढून, टेप खाली सोडून मोजलं, 115.55 मीटर. देवराईत तुम्हाला कोणी चढू देणार नाही, म्हणून ओळंबा न्या. आणि फळाचा फोटो टाका, नाव लगेच सांगतो.