फवारणीच्या मजुरांना काय शिकवावं?

प्रश्न : गोराईतल्या वाडीत भेंडी-वांग्यावर औषध मारायला रोजंदारीवर माणसं लावतो. परवा एकाला फवारताना गरगरलं, अंग घामाने भिजलं. ऊन लागलं समजून लिंबूपाणी दिलं. तो सावरला. पण आम्ही केलं ते बरोबर का? या माणसांना काय शिकवावं?

उत्तर : तो सावरला हे चांगलं झालं, पण लिंबूपाण्यात वेळ घालवू नका. उन्हानेही गरगरतं, तरी फवारणी चालू असताना चक्कर आली की आधी विषबाधाच धरावी. डोळ्यांत पाहा. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात, लाळ गळतेय, पापण्या नि दंड फडफडतायत, तर ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या औषधाची बाधा असण्याची दाट शक्यता. तिच्यावर अ‍ॅट्रोपिनचा उतारा आहे, पण तो डॉक्टरनेच द्यायचा. इतर औषधांची लक्षणं वेगळी असतात, म्हणून ही खूण दिसली नाही तरी दवाखाना टाळू नका.

माणसाला वाडीबाहेर काढा, भिजलेले कपडे उतरवा, अंग साबणाने धुवा. धुणाऱ्याने हातमोजे घालावेत. डोळ्यांत गेलं असेल तर १५ मिनिटं स्वच्छ पाण्याची धार धरा. मीठपाणी पाजून उलटी काढू नका. बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवा. १०८ला फोन करा आणि औषधाची बाटली सोबत न्या. ‘भेंडीवरचं औषध’ एवढ्यावर डॉक्टरला उपचार ठरवता येत नाहीत. गोराईहून बोरिवलीला जायचं तर मध्ये खाडी, आणि रस्त्याने उत्तन-भाईंदरचा वळसा. तेव्हा गाडी कुणाची आणि जायचं कुठे, हे आदल्या दिवशीच ठरलेलं हवं.

शिकवणं पंपापाशी उभं राहून करा. आधी टाकीत साधं पाणी भरून मजुराला दोन सऱ्या चालायला लावा. पाठ ओली झाली तर पंप गळतोय. तोच पंप औषध भरून पाठीवर घेतला तर सकाळभर विष कातडीतून आत जातं. तोंडाला रुमाल बांधला की झालं, असं अनेकांना वाटतं, पण फवारणीत जास्त विष कातडीतूनच शिरतं आणि घामेजल्या अंगात आणखी लवकर. मग बाटली त्याच्या हातात देऊन लेबलावरचा रंग दाखवा : लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. सगळ्यांत जपायचं ते औषध कालवताना, कारण तेव्हा ते पातळ झालेलं नसतं. लांब हातमोजे, गॉगल आणि ढवळायला काठी हवीच. नोझल तुंबला तर तोंडाने फुंकू नये, हे मी प्रत्येक वाडीवर सांगतो आणि सांगत राहीन.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन सुमारे २० जण दगावले. त्यांत शेतमजूरही होते. बाटली तुम्ही विकत आणता, मजुराने ती पाहिलेलीही नसते. म्हणून हे शिकवणं तुमच्याकडे येतं.

दुपारी वारा समुद्रावरून येतो. त्याच्या तोंडावर फवारू नका. शक्यतो सकाळीच काम उरका. रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओता, बाटलीला भोकं पाडा. भंगारवाल्याला देऊ नका, तिच्यात पुढे कोण तेल भरेल सांगता येत नाही.