ग्रुपवर अंगठे, कामाला दोघीच

प्रश्न : सर, आम्ही पाच जण सिव्हिल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहोत. नाग नदीचं पाणी तपासायचा प्रोजेक्ट घेतला आहे. पहिले दोन आठवडे गोडीगुलाबीत गेले. आता मी आणि माझी मैत्रीण, दोघीच राबतो. ग्रुपवर काम टाकलं की बाकीच्या तिघांचा अंगठा येतो, माणूस येत नाही. परवा कडाक्याचं भांडण झालं. गाइडकडे तक्रार करू का?
– एक विद्यार्थिनी, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : भांडण झालं ना? बरं झालं. ब्रूस टकमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये गटांवरचे पन्नासेक लेख चाळून चार टप्पे सांगितले. मी वर्गात ते असे सांगायचो : जमणं, जुंपणं, घडी बसणं, काम उरकणं. १९७७ मध्ये त्यात पाचवा आला, पांगणं. तुमची आत्ता जुंपली आहे. पण हे एसटीचं वेळापत्रक नव्हे, की पुढचा थांबा आपोआप येईल. टकमनने पाहिलेले बरेचसे गट उपचारांचे आणि प्रशिक्षणाचे होते. माझ्या काही बॅचेस तर तोंडी परीक्षेपर्यंत जुंपलेल्याच राहिल्या.

तिघं आळशी आहेत, असं तू धरून चालली आहेस. मीही धरलं होतं. माझ्या एका बॅचकडेही नाग नदीच होती. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा, तर तीनशे मिलीच्या बाटलीत काठावरच मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घालावं लागतं. नाहीतर घाण पाण्यातले जिवाणू वाटेतच ऑक्सिजन संपवतात. पोरं काठावर पोचली, बाटल्या भरल्या, आणि रसायनांची पेटी कोणाकडेच नाही! ती आणणार होता काटोलचा मुलगा. भर उन्हात स्कूटीच्या डिकीतून आलेल्या त्या बाटल्या मी बेसिनमध्ये ओतायला लावल्या. सोमवारी सगळे त्याच्यावर तुटून पडले, "तू काऊन नाही आला बे?" तो म्हणाला, "मला सांगितलं कोणी?" खरंच होतं. मीटिंग व्हायची संध्याकाळी सातला, तेव्हा हा काटोलच्या गाडीत.

रिंगेलमन नावाच्या फ्रेंच माणसाने दोर ओढायला लावून माणसांची ताकद मोजली होती. आठ जण मिळून ओढू लागले, की एकेकाचा जोर निम्म्यावर येई. काही अंग चोरल्यामुळे, काही ओढायचा ताल न जुळल्यामुळे. आपल्याला फक्त अंग चोरलेलं दिसतं.

मग आम्ही मीटिंग दुपारच्या सुट्टीत आणली, कॅन्टीनमध्ये, तर्री पोह्यांवर. प्रयोगशाळेच्या कपाटावर एक कागद चिकटवला : एक काम, एकच नाव, वार आणि वेळ. "सगळ्यांनी बघा" हे शब्द बाद. पुढच्या खेपेला काटोलचा पोरगा पहिल्या गाडीने आला, पेटी मांडीवर धरून.

तेव्हा तक्रार पंधरा दिवस थांबव. आधी तिघांना एकेकटं गाठून विचार, कोणाला कोणती वेळ जमत नाही. मग कागद लाव. तरीही एखाद्याच्या नावापुढची कामं कोरीच राहिली, तर तोच कागद गाइडपुढे ठेव. पोह्यांचे पैसे मात्र वर्गणीतून काढा, नाहीतर त्यावरून पुन्हा जुंपेल.