मुलगी आठ वर्षांची आहे, पुढच्या दातांत फट आहे. ओठाला आतून हिरडीशी जोडणारी दोरी आत्ताच कापून घ्यावी का?

मी हिरड्यांची डॉक्टर आहे. तुमच्या डॉक्टरांनी फट दिसली म्हणून फ्रेनेक्टमी, म्हणजे ही दोरी काढायची शस्त्रक्रिया, लगेच करायला सांगितली असेल, तर माझं मत थांबा असं आहे.

या वयात वरच्या समोरच्या दातांत फट असणं नेहमीचंच. सुळे अजून हाडात असतात. ते साधारण 11-12 व्या वर्षी खाली उतरले की बऱ्याच मुलांची फट आपोआप मिटते किंवा कमी तरी होते.

घरी एक करून बघा. वरचा ओठ दोन्ही हातांनी धरून हलकेच पुढे आणि वर ओढा. दोन दातांमधली हिरडी आणि दातांच्या मागचा टाळूकडचा छोटा उंचवटा पांढराफटक पडला, तर दोरी खोलवर गेलेली आहे. रंग बदलत नसेल तर ती नुसती जाड दिसते म्हणून कापायचं कारण नाही. एक्स-रे मात्र काढून घ्याच. कधीकधी हाडात एखादा जादाचा दात अडकलेला असतो आणि फट त्याच्यामुळे पडते. तेव्हा दोरी कापून काय उपयोग?

दोरी खोल निघाली तरी घाई नको, कारण कापलेल्या जागी व्रण धरतो. पुढे तारा लावायची वेळ आली, तर दात जवळ आणताना तोच व्रण आडवा येऊ शकतो. म्हणून बहुतेक वेळा आधी तारांनी फट मिटवतात आणि मग दोरी काढतात. तेव्हा दात परत फाकू नयेत म्हणून त्याच व्रणाची मदत होते.

दोरीच्या ओढीने हिरडी दातापासून सुटत असेल, किंवा दोरी आडवी येऊन ब्रश नीट फिरत नसेल, तर मात्र वाट बघू नका. खालच्या पुढच्या दातांत हे जास्त जपावं लागतं.

शस्त्रक्रियेला घाबरायचं कारण नाही. फक्त तेवढ्या जागेला भूल देतात, दोरी चिमट्यात धरून कापतात, हाडाला चिकटलेले तंतू सोडवतात आणि टाके घालतात. टाके साधारण आठवड्याने काढतात. लेझरने केलं तर रक्त कमी जातं, टाकेही बहुधा लागत नाहीत. दोन-तीन दिवसांनी जखमेवर पिवळट पांढरा थर दिसतो. तो पू नसतो, जखम भरत असते, म्हणून खरवडू नका. रक्त थांबत नसेल किंवा सूज आणि ताप आला, तर लगेच डॉक्टरांना दाखवा.